वाचकांचे प्रश्न : मेल सर्व्हरचे स्थलांतर आणि माघारीची वाट

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागाचा प्रमुख आहे. आमच्याकडे २०१७ पासून मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज २०१६ हा मेल सर्व्हर चालू असून त्यावर २४० मेलबॉक्स आणि सुमारे १.१ टीबी पत्रव्यवहार आहे. या आवृत्तीचा सपोर्ट संपल्याने कार्यकारी संचालकांनी नवी आवृत्ती बसवण्यास मंजुरी दिली आहे. शनिवारी संध्याकाळी काम सुरू करून सोमवारी सकाळी सर्व काही नव्या सर्व्हरवर चालू करून देऊ, असे पुरवठादाराचे म्हणणे आहे. मला ही घाई धोक्याची वाटते. नियोजन कसे करावे, आणि मध्येच काही बिघडले तर मागे कसे यावे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि मागे कसे यावे हा आपला शेवटचा प्रश्न सर्वांत आधी सोडवायला हवा. स्थलांतराच्या प्रत्येक पायरीसमोर ‘येथून परत येता येते का?’ एवढे एकच उत्तर लिहून काढले, तर कोणत्या पायरीला किती दिवस द्यायचे आणि कोणत्या पायरीपूर्वी थांबून खात्री करायची, हे बहुतेक आपोआप ठरते. पुरवठादाराच्या शनिवार-सोमवारच्या वेळापत्रकात नेमकी हीच नोंद नसते.

प्रथम आवृत्तीविषयी. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ या एकाच दिवशी संपला. त्यामुळे २०१९ कडे जाण्यात अर्थ नाही; आपल्याला १ जुलै २०२५ रोजी आलेल्या सबस्क्रिप्शन एडिशनकडेच जावे लागेल. ज्यांच्याकडे २०१९ आवृत्ती असून तिच्यावर क्युम्युलेटिव्ह अपडेट (आधीच्या सर्व दुरुस्त्या एकत्र करणारे अद्यतन) १४ किंवा १५ बसवलेला आहे, त्यांना त्याच सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवता येते, कारण सबस्क्रिप्शन एडिशनचे पहिले रूप आणि अपडेट १५ हे आतून जवळजवळ एकच आहेत. २०१६ वाल्यांना ही सोय नाही. आपल्याला जुन्या सर्व्हरवर क्युम्युलेटिव्ह अपडेट २३ आहे याची खात्री करून त्याच्या शेजारी नवा सर्व्हर उभा करावा लागेल, दोघांना काही काळ एकत्र नांदवावे लागेल, मेलबॉक्स तुकड्यातुकड्यांनी हलवावे लागतील आणि शेवटी जुना सर्व्हर रीतसर काढावा लागेल. हे काम अधिक असले तरी मला ते आपल्या फायद्याचे वाटते. जागच्या जागी आवृत्ती चढवणाऱ्याला मागची आवृत्ती परत आणता येत नाही. आपला जुना सर्व्हर मात्र अखेरपर्यंत शेजारी जिवंत असतो. परवान्याचा खर्चही आताच संचालक मंडळापुढे मांडावा, कारण नव्या आवृत्तीचा परवाना एकदा विकत घेऊन भागत नाही, त्याचे नूतनीकरण चालू ठेवावे लागते.

यंत्राच्या बाबतीत एक आकडा ऐकून अनेक संस्था दचकतात : मेलबॉक्स सर्व्हरला किमान १२८ जीबी मेमरी असावी, अशी मायक्रोसॉफ्टची शिफारस आहे. २४० मेलबॉक्सच्या संस्थेला हा खर्च आणि तो सांभाळणारा माणूस दोन्ही परवडणार नसतील, तर मेल क्लाउडवर नेण्याचा पर्याय याच टप्प्यावर प्रामाणिकपणे तपासावा. सर्व्हर विकत घेतल्यानंतर तो प्रश्न पुन्हा निघाला, की दोन्हीकडचा खर्च अंगावर पडतो.

आता कालावधी. आपल्याकडे ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरमध्ये गळीत हंगाम सुरू झाला, की ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) देण्याच्या बंधनामुळे बँकांशी, पुण्याच्या साखर आयुक्तालयाशी आणि इथेनॉल उचलणाऱ्या तेल कंपन्यांशी पत्रव्यवहार एक दिवसही थांबवता येत नाही. म्हणून मेलबॉक्स हलवण्याचे काम जून ते ऑगस्टमध्ये बसवावे आणि बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी किमान एक महिना नवा सर्व्हर एकट्याने चाललेला असावा. ते जमणार नसेल, तर हंगामात जुन्या सर्व्हरचा वेब प्रवेश बाहेरच्या जगासाठी बंद करून केवळ व्हीपीएनमधून (खासगी सुरक्षित जोडणीतून) द्यावा. पॅच (दुरुस्ती) न मिळालेला सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवण्याची किंमत काय असते, ते २०२१ मध्ये सर्वांनी पाहिले आहे : त्या वर्षी २ मार्चला मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंजमधील चार गंभीर त्रुटींवर तातडीचे पॅच दिले, तोपर्यंत जगभरातील असंख्य सर्व्हरमध्ये घुसखोरांनी आपले दार करून ठेवले होते. अशी घटना घडल्यास सर्ट-इनच्या (देशातील संगणक-सुरक्षा घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ती सहा तासांत कळवावी लागते आणि १८० दिवसांचे लॉग (सर्व्हरच्या कामाच्या नोंदी) जपलेले असावे लागतात. तेव्हा जुना सर्व्हर काढतानाही त्याचे लॉग पुसू नयेत.

सर्वांत जास्त वेळ मी आपल्याला मोजदादीवर घालवायला सांगेन. मेलबॉक्सची यादी एका आज्ञेने मिळते. पण माणसे सोडून या सर्व्हरमार्फत कोण कोण मेल पाठवते, याची यादी कोणाकडेही नसते. काही वर्षांपूर्वी एका दूध संघाचे स्थलांतर मी केले होते. सर्व मेलबॉक्स सुखरूप हलले, लोक समाधानी होते, आणि मी जुना सर्व्हर बंद केला. अकराव्या रात्री शीतगृहाचा कॉम्प्रेसर बंद पडला. तापमान वाढल्याची सूचना पाठवणारे छोटे यंत्र जुन्या सर्व्हरच्या आयपी पत्त्यावर, म्हणजे जाळ्यावरील त्याच्या क्रमांकावर, मेल पाठवत राहिले, आणि तेथे ती स्वीकारायला कोणी नव्हते. सकाळपर्यंत माल खराब झाला होता. त्या यंत्राचा पत्ता मी तपासला नव्हता, ही गोष्ट मी आजही विसरलेलो नाही. आपल्या कारखान्यात वजनकाट्याची संगणकप्रणाली, ऊसबिले आणि पगारपत्रके पाठवणारे सॉफ्टवेअर, स्कॅन करून मेल करणारी झेरॉक्स यंत्रे, यूपीएस, सहवीजनिर्मिती विभागातील सूचना यंत्रणा आणि बॅकअपचा रोजचा अहवाल, एवढे तरी निश्चित सापडेल.

ही यादी विचारून करता येत नाही, लॉगमधून काढावी लागते. जुन्या सर्व्हरच्या सर्व रिसीव्ह कनेक्टरवर (मेल स्वीकारण्याच्या वाटांवर) तपशीलवार प्रोटोकॉल लॉग आजच सुरू करावा. मूळ रचनेत हा लॉग ३० दिवसांचा किंवा २५० एमबी भरेपर्यंतचाच ठेवला जातो आणि नंतर जुना भाग पुसला जातो, म्हणून दोन्ही मर्यादा वाढवाव्यात आणि किमान ३५ दिवसांची नोंद साठू द्यावी. महिन्यातून एकदाच चालणारी पगारपत्रके त्याशिवाय दिसत नाहीत. सापडलेल्या प्रत्येक यंत्रात आयपी पत्त्याच्या जागी एक नाव, उदाहरणार्थ ‘रिले’ या शब्दाने सुरू होणारे, लिहून ठेवावे आणि ते नाव सध्या जुन्या सर्व्हरकडेच वळवावे. मग स्थलांतराच्या दिवशी एक डीएनएस नोंद (नाव कोणत्या आयपी पत्त्याचे ते सांगणारी) बदलली, की सारी यंत्रे एकदम नव्या सर्व्हरकडे जातात आणि गरज पडल्यास तशीच परत येतात. गट कार्यालयांतील जुने संगणकही याच वेळी मोजावेत, कारण नवा सर्व्हर मूळ रचनेत टीएलएस (जोडणी गुप्त ठेवणारी पद्धत) १.२ च्या खालची जोडणी स्वीकारत नाही आणि विंडोज ७ वर आउटलुक २०१० चालवणारा संगणक त्याच्याशी बोलू शकेलच असे नाही.

नवा सर्व्हर बसवण्यापूर्वी ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा (संस्थेतील खाती आणि संगणक यांच्या मध्यवर्ती नोंदवहीचा) स्कीमा, म्हणजे आराखडा, वाढवावा लागतो. ही पायरी मागे घेता येत नाही. त्याआधी फॉरेस्टची (संपूर्ण डिरेक्टरीची) पातळी किमान विंडोज सर्व्हर २०१२ आर२ असल्याचे पाहावे, डोमेन कंट्रोलरांमधील (ही डिरेक्टरी सांभाळणाऱ्या सर्व्हरमधील) रेप्लिकेशन, म्हणजे नोंदींची परस्पर नक्कल, निर्दोष चालू असल्याची खात्री करावी आणि त्यांचा सिस्टीम स्टेट बॅकअप घ्यावा. व्हर्च्युअल यंत्राचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत) म्हणजे बॅकअप, असे पुरवठादाराने सांगितल्यास ते मान्य करू नये. एक्स्चेंजची बहुतेक सर्व रचना ॲक्टिव्ह डिरेक्टरीत साठवलेली असते, त्यामुळे एकटा सर्व्हर कालच्या स्थितीत नेला तर डिरेक्टरी आजची आणि सर्व्हर कालचा, अशी विसंगती तयार होते.

नवा सर्व्हर बसवल्याच्या क्षणी एक लहान गोष्ट हमखास घडते. तो ऑटोडिस्कव्हरसाठी, म्हणजे आउटलुकने सर्व्हर आपोआप शोधावा यासाठी, स्वतःचा पत्ता डिरेक्टरीत नोंदवतो, कार्यालयातील आउटलुक तो पत्ता उचलतात आणि लोकांच्या पडद्यावर सर्टिफिकेटविषयीची (सर्व्हरच्या डिजिटल ओळखपत्राविषयीची) सूचना झळकू लागते. दहा मिनिटांत आपला फोन वाजायला लागतो. म्हणून हा पत्ता लगेच सध्याच्या नावाशी जुळवावा, जुन्या सर्व्हरवरील सर्टिफिकेट नव्यावरही बसवावे आणि हे काम कार्यालय सुटल्यानंतर करावे. फायरवॉल किंवा लोड बॅलन्सर (मागण्या वाटून देणारे यंत्र) मध्येच सुरक्षित जोडणी उघडून पुन्हा बांधत असेल, तर तेथेही तेच सर्टिफिकेट हवे. एक्स्चेंज २०१९ च्या फेब्रुवारी २०२४ मधील अपडेट १४ पासून एक्स्टेंडेड प्रोटेक्शन (जोडणी मध्येच कोणी उघडली नाही ना, हे तपासणारी सोय) मूळ रचनेतच चालू असते, आणि दोन ठिकाणी वेगळी सर्टिफिकेटे असली तर पासवर्ड बरोबर असूनही तो पुन्हा पुन्हा विचारला जातो.

यानंतर मेलबॉक्सना हात न लावता आधी फक्त नाव वळवावे. लोक ज्या नावाने मेल उघडतात, त्याची डीएनएस नोंद किती काळ जपायची याची मुदत दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणावी आणि मग ती नोंद नव्या सर्व्हरकडे वळवावी. नवा सर्व्हर जुन्यावरील मेलबॉक्सची मागणी स्वतःहून त्याच्याकडे पोहोचवतो, त्यामुळे लोकांना फरक जाणवत नाही. बिघाड दिसला, तर पाच-दहा मिनिटांत नोंद पूर्ववत करता येते. येथे एक आठवडा थांबण्यास मी आवर्जून सांगेन, कारण मोबाइल, वेब आणि आउटलुक या तिन्ही वाटांची खरी परीक्षा याच आठवड्यात होते. बाहेर जाणाऱ्या मेलच्या सेंड कनेक्टरमध्येही नव्या सर्व्हरचे नाव याच वेळी जोडावे.

मेलबॉक्स हलवताना माणूस बहुतांश वेळ काम करत राहू शकतो. शेवटच्या काही मिनिटांतच त्याचे दार बंद होते आणि नंतर आउटलुक एकदा बंद करून उघडावे लागते. पहिल्या तुकडीत आपला स्वतःचा, विभागातील दोघांचा आणि एक सर्वांत मोठा मेलबॉक्स घ्यावा आणि तासाला किती जीबी हलते ते मोजून पुढील तुकड्या ठरवाव्यात. तुकडी आपोआप पूर्ण होऊ न देता तयार स्थितीत थांबवून ठेवता येते; ती २४ तासांतून एकदा स्वतःला अद्ययावत करत राहते आणि शेवटची आज्ञा आपण सोयीच्या वेळी देऊ शकतो. हिशोब विभाग आणि कार्यकारी संचालकांचे कार्यालय मधल्या तुकडीत घ्यावे. पहिलीत नको, आणि सर्वजण थकलेले असताना शेवटचीतही नको.

या टप्प्यावर बहुतेक अपघात डिस्क भरल्याने होतात. मेलबॉक्स नव्या डेटाबेसमध्ये जाताना तितक्याच प्रमाणात ट्रान्झॅक्शन लॉग (डेटाबेसमधील प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या फाइली) तयार होतात. प्रत्येक लॉग फाइल एक एमबीची असते, म्हणजे १०० जीबी हलवले की सुमारे एक लाख फाइली होतात. पूर्ण बॅकअप झाल्याशिवाय त्या पुसल्या जात नाहीत. लॉगची डिस्क भरली की डेटाबेस बंद पडतो आणि आधी हलवलेल्या लोकांचेही काम थांबते. १.१ टीबी एका शनिवार-रविवारात हलवण्यातला खरा धोका हा आहे. म्हणून रात्रीची तुकडी लॉगच्या डिस्कवरील मोकळ्या जागेच्या निम्म्याहून मोठी ठेवू नये आणि दोन तुकड्यांच्या मध्ये पूर्ण बॅकअप घ्यावा. सर्क्युलर लॉगिंग (बॅकअपची वाट न पाहता जुने लॉग आपोआप पुसणे) चालू करून ही अडचण टाळता येते. पण तसे केल्यास दोन बॅकअपमधील काळातले मेल परत मिळवण्याचा मार्ग आपण स्वतःच बंद करतो. एखादा मेलबॉक्स परत जुन्या डेटाबेसमध्ये नेण्याची सोय या सर्व काळात उपलब्ध असते.

शेवटी जुना सर्व्हर. तो काढणे ही परत न फिरणारी दुसरी पायरी. आर्बिट्रेशन मेलबॉक्स नावाचे आतले मेलबॉक्स नव्याकडे नेल्याशिवाय तो काढू नये. त्यानंतर प्रोटोकॉल लॉग कोरा दिसू लागल्यावरही तो थेट काढू नये. त्याच्या सेवा थांबवून एक पूर्ण महिना तसाच ठेवावा, म्हणजे एखादे विसरलेले यंत्र निघालेच तर त्या सेवा लगेच सुरू करता येतात. नंतर तो सेटअपमधूनच अनइन्स्टॉल करावा. नुसता बंद करून कपाटात टाकलेला सर्व्हर डिरेक्टरीच्या दृष्टीने अस्तित्वातच असतो आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीच्या वेळी आडवा येतो.

प्रश्न : नाशिक येथील आमच्या महाविद्यालयात डेबियन १२ या लिनक्स प्रणालीवर पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्रॅम) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स उघडून देणारा प्रोग्रॅम) वापरून मेल चालतो. सुमारे नव्वद प्राध्यापक व कर्मचारी तो वापरतात, त्यांतील काही जण अजून पीओपीने मेल उतरवून घेतात. डेबियन १३ वर नेहमीच्या पद्धतीने अपग्रेड केले तर चालेल का?

उत्तर : पोस्टफिक्सपुरते बोलायचे तर बहुधा चालेल, डव्हकॉटमुळे चालणार नाही. डेबियन १२ मध्ये डव्हकॉट २.३ आहे, तर ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियन १३ मध्ये २.४ आहे, आणि या दोहोंच्या कॉन्फिगरेशनची भाषाच बदलली आहे. नव्या फाइलच्या सुरुवातीला ती कोणत्या आवृत्तीसाठी लिहिली आहे ते नोंदवावे लागते, अनेक सेटिंगांची नावे बदलली आहेत आणि २.३ ची फाइल तशीच ठेवल्यास सेवा सुरूच होत नाही. शिवाय दोन सर्व्हरना एकमेकांशी जुळते ठेवणारी रेप्लिकेशनची सोय २.४ मधून काढून टाकण्यात आली आहे. आपण ती वापरत असाल तर पर्याय आधी शोधावा लागेल.

तेव्हा डेबियन १३ चा वेगळा सर्व्हर उभा करून त्यावर कॉन्फिगरेशन नव्याने, हाताने लिहावे. जुनी फाइल समोर ठेवून प्रत्येक ओळ अजून लागते का, हे विचारत गेल्यास निम्म्या ओळी गळून पडतील.

मेल हलवताना पीओपी वापरणाऱ्यांचा विचार प्रथम करावा. त्यांच्या संगणकावरील प्रोग्रॅम कोणते मेल आधी उतरवले, हे सर्व्हरने दिलेल्या खुणेवरून ओळखतो. नव्या सर्व्हरवर ती खूण बदलली, तर मेल सर्व्हरवरच ठेवणाऱ्यांकडे काही वर्षांचे सर्व मेल पुन्हा उतरतात आणि प्रत्येक मेलच्या दोन प्रती होतात. आयमॅपमार्फत (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याच्या पद्धतीने) एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नक्कल करणारी साधने मजकूर नीट नेतात, पण या खुणा नेत नाहीत. डव्हकॉटचे स्वतःचे बॅकअप किंवा सिंक साधन मेलचे क्रमांक जपून नेते, म्हणून तेच वापरावे, पीओपीची खूण तयार करण्याचे सेटिंग दोन्हीकडे सारखे ठेवावे आणि एका प्राध्यापकांच्या संमतीने त्यांच्या खात्यावर आधी पडताळून पाहावे.

नव्या सर्व्हरचा आयपी पत्ता वेगळा असणार असेल, तर उलटी डीएनएस नोंद (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी) इंटरनेट पुरवठादाराकडून करून घ्यावी लागते आणि त्याला कित्येकदा आठवडा लागतो. ती नोंद आणि एसपीएफमधील (आपल्या नावाने मेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरच्या यादीतील) नवा पत्ता आधी तयार नसेल, तर विद्यार्थ्यांना जीमेलवर पाठवलेले मेल परत येऊ लागतील. डीकेआयएमची (पाठवलेल्या मेलवरील डिजिटल सहीची) खासगी किल्ली जुन्या सर्व्हरवरून न्यायची राहून जाते, ती विसरू नये.

प्रश्न : मुंबईतील आमच्या व्यापारी पेढीत पुढील महिन्यात मेल सर्व्हर बदलायचा आहे. त्या रात्री पाच-सहा तास सर्व्हर बंद राहिला, तर त्या वेळात आलेल्या मागण्यांचे मेल कायमचे हरवतील का?

उत्तर : बंद राहिल्यामुळे हरवणार नाहीत. मेलच्या देवाणघेवाणीचे जे मानक आहे, त्यानुसार समोरचा सर्व्हर उत्तर देत नसेल तर पाठवणाऱ्याच्या सर्व्हरने मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा असतो आणि साधारण चार-पाच दिवस तरी हार मानायची नसते. आपले पाच-सहा तास त्यात सहज बसतात. काही मेल सकाळी उशिरा येतील, इतकेच.

धोका दुसरीकडे आहे, आणि तो मला बंद सर्व्हरपेक्षा फार मोठा वाटतो. अर्धवट तयार झालेला सर्व्हर चालू असतो, पण त्यावर अजून सर्व खाती नसतात. तो येणाऱ्या मेलला ‘असा वापरकर्ता येथे नाही’ असे ५ ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे उत्तर देतो. हे उत्तर अंतिम मानले जाते. पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करत नाही, ग्राहकाला मेल परत जातो आणि पेढीचा पत्ता बंद झाला असा त्याचा समज होतो. ४ ने सुरू होणाऱ्या उत्तराचा अर्थ ‘थोड्या वेळाने या’ असा असल्याने त्याने नुकसान होत नाही. म्हणून सर्व खाती तपासून होईपर्यंत फायरवॉलवर पोर्ट २५ (बाहेरून मेल येण्याची वाट) बाहेरच्यांसाठी बंदच ठेवावे. नवा सर्व्हर पोस्टफिक्सचा असेल, तर त्यातील सॉफ्ट बाउन्स हे सेटिंग चालू केल्यास पोस्टफिक्सची अंतिम नकाराची उत्तरे तात्पुरत्या नकारात बदलतात. पहिले दोन दिवस ते चालू ठेवावे, रोज सकाळी लॉगमध्ये कोणते पत्ते नाकारले गेले ते पाहावे, राहून गेलेली खाती तयार करावीत आणि त्यानंतर ते आठवणीने बंद करावे.